स्ट्रीमर घेताय? आधी ॲप ठरवा, मग डबी

घरात बरा ॲम्प्लिफायर आहे, स्पीकरची जोडी आहे, सीडी प्लेअरने मान टाकलेली आहे आणि गाणी आता फोनवरच ऐकली जातात. हा फोन त्या ॲम्पशी जोडायचा कसा, एवढाच खरा प्रश्न असतो. ते काम करणारी छोटी डबी म्हणजे स्ट्रीमर. दुकानात गेलं की विषय 'बजेट किती?' पासून सुरू होतो आणि 'हाय-रेझ (सीडीपेक्षा वरचा दर्जा) आहे' वर संपतो. त्याआधी दोन साध्या गोष्टी स्वतःला विचाराव्यात. गाणी कुठल्या ॲपवर ऐकता? आणि घरातले फोन आयफोन आहेत की अँड्रॉइड? या दोन उत्तरांनीच निम्म्या डब्या बाद होतात.

याचं कारण गाणं स्पीकरपर्यंत येण्याच्या रस्त्यात आहे. पहिला रस्ता ब्लूटूथचा. फोन गाणं उतरवून घेतो, ते पुन्हा दाबून लहान करतो आणि हवेतून पाठवतो. एसबीसी या साध्या कोडेकमध्ये, म्हणजे आवाज दाबायच्या पद्धतीत, हे फार तर 328 केबीपीएसपर्यंत (सेकंदाला किलोबिट) जातं. फोन आला की गाणं थांबतं, व्हॉट्सॲपची टिंग स्पीकरमधून ऐकू येते आणि फोन घेऊन कुणी गच्चीवर गेलं की सगळं तुटतं. दुसरा रस्ता ॲपलच्या एअरप्लेचा: वाय-फायवरून, पण पाठवणारा अजूनही फोनच. तिसरा रस्ता स्पॉटिफाय कनेक्ट, टायडल कनेक्ट आणि गूगल कास्टचा. इथे फोन फक्त सांगतो की अमुक गाणं लाव. गाणं इंटरनेटवरून डबी स्वतः ओढून घेते. फोन बंद झाला तरी मैफल चालू राहते, बॅटरी उतरत नाही. रोजच्या वापरात सुख देतो तो हा तिसरा रस्ता. तुमचं ॲप यातल्या कुठल्या रस्त्याने जातं, त्यावर डबी ठरते.

भारतात बसून निवड करायची तर यादी छोटीच आहे. परदेशी परीक्षणांत सतत भेटणाऱ्या टायडल आणि कोबझ या सेवा इथे अधिकृतपणे नाहीत. व्हीपीएन लावून खातं उघडायचे उद्योग करू नका. पैसे भरताना कार्ड अडतं, आणि एखाद्या दिवशी खातं बंद झालं की दाद मागायला जागा नसते. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे या दोन्ही सेवांचा गंभीरपणे विचार करावा. टायडलने 2024 मध्ये महागडी श्रेणी रद्द करून सगळ्यांना एकाच दरात हाय-रेझ दिलं आणि एमक्यूए ही वादग्रस्त पद्धत सोडून सरळ फ्लॅक (दर्जा न घटवता लहान केलेली फाइल) घेतलं. कोबझने 2025 मध्ये स्वतःचं कनेक्ट आणलं. त्याआधी कोबझ वापरायचं तर प्रत्येक डबीच्या कंपनीच्या ॲपमध्ये शिरावं लागायचं.

इथे उरतात प्रामुख्याने चार: स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक आणि जिओसावन.

स्पॉटिफायने लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळता पाठवलेलं गाणं, आणलं सप्टेंबर 2025 मध्ये, 24 बिट/44.1 किलोहर्ट्झपर्यंत. भारतात नोव्हेंबर 2025 मध्ये त्यांनी योजनांची फेरमांडणी केली: लाइट 139, स्टँडर्ड 199 आणि प्लॅटिनम 299 रुपये महिना. लॉसलेस फक्त प्लॅटिनममध्ये; स्टँडर्डमध्ये 320 केबीपीएस, लाइटमध्ये 160. हाय-फायसाठी लाइट घेऊ नका. स्टँडर्ड आणि प्लॅटिनममधला फरक मात्र आधी महिनाभर ऐकून ठरवा. चांगलं 320 आणि लॉसलेस यांतला फरक आवाजाची पातळी तंतोतंत सारखी ठेवून, कुठलं लावलंय ते न बघता ऐकला तर बहुतेकांना ओळखता येत नाही. ज्यांना येतो, त्यांना तो टाळ्यांच्या कडकडाटात, झांजेत आणि तंबोऱ्याच्या जवारीत सापडतो. स्पॉटिफायचं खरं बळ कनेक्टमध्ये आहे. जवळजवळ प्रत्येक स्ट्रीमरवर, टीव्हीवर आणि एव्ही रिसीव्हरवर ते असतंच.

ॲपल म्युझिकचं उलटं आहे. मूळ वर्गणीतच 2021 पासून 24/192 पर्यंतचं (24 बिट, 192 किलोहर्ट्झ) लॉसलेस मिळतं, म्हणजे कागदावर लॉसलेससाठी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उंच. पण ते स्वस्त स्ट्रीमरपर्यंत पोचवायला स्पॉटिफाय कनेक्टसारखी सोय नाही. आयफोनवरून एअरप्लेने जावं लागतं. एअरप्ले 2 ची मजल सीडीच्या दर्जापर्यंत. ॲपल म्युझिक पाठवताना प्रत्यक्षात कित्येकदा 256 केबीपीएसचं दाबलेलं एएसीच जातं. म्हणजे 192 किलोहर्ट्झचे पैसे देऊन डबीवर ते कधीच ऐकू येत नाही. ॲपल म्युझिकवाल्याने स्ट्रीमरवर खर्च करण्याआधी साध्या तारेचा विचार करावा. यूएसबी-सी असलेला आयफोन थेट यूएसबी डॅकला (डिजिटल गाण्याचा ॲम्पला चालणारा सिग्नल करणारं यंत्र) जोडला की पूर्ण दर्जा मिळतो. सोफ्यावर बसून गाणं बदलता येत नाही ही गैरसोय आहेच. कपाटात पडलेला जुना आयफोन कायमचा डॅकला लावून ठेवला तर तीही बरीच कमी होते. ॲपलचा छोटा यूएसबी-सी ते 3.5 मिमी डोंगल 24/48 पर्यंत जातो आणि त्याच्या किमतीच्या मानाने फारच स्वच्छ वाजतो.

यूट्यूब म्युझिकवर लॉसलेस नाही, जास्तीत जास्त 256 केबीपीएस. पण जुनी नाट्यपदं, आकाशवाणीच्या मैफिली, कुणीतरी कॅसेटवरून चढवलेलं दुर्मीळ गायन जेवढं इथे सापडतं तेवढं दुसरीकडे नाही. ते डबीपर्यंत नीट न्यायचं तर गूगल कास्ट हवं. जिओसावनवर मराठीचा साठा मोठा आहे आणि दर्जा 320 केबीपीएसपर्यंत. तुमच्या फोनवरच्या ॲपमध्ये कास्टचं चिन्ह दिसतं का, ते डबी घ्यायच्या आधी तपासा.

वर्गणी भरण्यापूर्वी एक तास खर्च करावा. तुम्ही खरोखर ऐकता अशा 25 ध्वनिमुद्रिकांची यादी करा आणि फुकटच्या योजनेवर एकेक शोधा. रोमन स्पेलिंग बदलून बघा. एकाच कलाकाराची 'पंडित'सह, 'पं.'सह आणि नुसत्या नावाने अशी तीन-तीन पानं असतात. मूळ मुद्रण आहे की दुसऱ्याने गायलेली नक्कल, हे ऐकून खात्री करा. 25 पैकी 15 मिळाल्या तर त्या सेवेत राहण्यात अर्थ आहे. आठ मिळाल्या तर लॉसलेसची चर्चाच निरर्थक. तीन-साडेतीन मिनिटांच्या 78 आरपीएम तबकड्यांवरून आलेली बालगंधर्वांची पदं 24 बिटमध्ये आली म्हणून तबकडीची खरखर काही श्रीमंत होत नाही.

आता डबी. स्वस्त गटात सध्या सगळ्यात जास्त बोलबाला वीम या कंपनीचा आहे, आणि तो बहुतांशी रास्त आहे. मिनी, प्रो, प्रो प्लस, अल्ट्रा अशी उतरंड आहे. अमेरिकेत बाजारात आल्या तेव्हा प्रो 149, प्रो प्लस 219 आणि अल्ट्रा 329 डॉलरला होत्या. इथे आयात कर आणि वितरकाचा वाटा धरून जास्तच पडतात. त्यांतले फरक ॲपच्या हिशेबाने वाचायला हवेत. मिनीत एअरप्ले 2 आणि स्पॉटिफाय कनेक्ट आहे, पण गूगल कास्ट नाही, इथरनेटचं (लॅन तारेचं) भोकही नाही. म्हणजे अँड्रॉइडवर यूट्यूब म्युझिक ऐकणाऱ्याने मिनी घेतली की तो परत ब्लूटूथवर आला. प्रोमध्ये कास्ट, इथरनेट, आणि ऑप्टिकल व कोॲक्शियल हे दोन्ही डिजिटल आउटपुट आहेत. प्रो प्लसमध्ये आतला डॅक बदलून एकेएम कंपनीची 4493 चिप घातली आहे, बाकी घडण प्रोसारखीच. अल्ट्रामध्ये पडदा, टीव्हीचा आवाज घ्यायला एचडीएमआय एआरसी, रेकॉर्ड प्लेअरसाठी फोनो इनपुट आणि सबवूफरचा आउटपुट आहे, पण एअरप्ले नाही! आयफोन आणि ॲपल म्युझिक असलेल्या घरात सगळ्यात महाग डबी आणायची आणि नेमकी तीच निरुपयोगी ठरायची, हा फजितीचा प्रकार नुसतं कोष्टक न वाचल्याने होतो.

बाहेरचा डॅक आधीच असेल, किंवा ॲम्पला ऑप्टिकल इनपुट असेल, तर प्रो प्लससाठी जास्तीचे पैसे देऊ नका. डिजिटल आउटपुटवरून जाताना आतला डॅक वापरातच येत नाही. उलट ॲम्प जुना, फक्त लाल-पांढऱ्या आरसीए भोकांचा असेल तर प्रो प्लसला अर्थ आहे. ॲम्पच नसेल तर वीम ॲम्पसारखं एकत्र यंत्र बघावं. 8 ओहमला चॅनेलमागे 60 वॉट, म्हणजे आपल्या दिवाणखान्यांना पुरून उरतात.

काहीच विकत न घेण्याचाही एक मार्ग आहे आणि दुकानदार तो सांगणार नाही. स्मार्ट टीव्हीवर स्पॉटिफाय आणि यूट्यूब असतंच. टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटला एखादा साधा डॅक लावून ॲम्पमध्ये घाला. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' (साधा, न दाबलेला आवाज) ठेवा. 'ऑटो' किंवा 'डॉल्बी' राहिलं तर स्वस्त डॅक गप्प बसतो आणि माणसं तो बिघडलाय म्हणून परत करायला जातात. बहुतेक टीव्ही सगळं 48 किलोहर्ट्झला बदलून पाठवतात. कानाला त्याचा त्रास होत नाही. त्रास होतो तो गाण्यासाठी टीव्ही चालू ठेवण्याचा.

हाताने करायची आवड असेल त्यांच्यासाठी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक. पाय 4 किंवा अगदी झीरो 2 डब्ल्यूसुद्धा पुरतो. 16 जीबीचं चांगल्या कंपनीचं कार्ड, 5 व्होल्टचा दमदार ॲडाप्टर आणि यूएसबी डॅक. पायचं स्वतःचं 3.5 मिमी भोक हाय-फायसाठी वापरू नका, त्यात खरखर असते. झीरोला तर ते नाहीच. लॅपटॉपवर रास्पबेरी पाय इमेजरने मूड ऑडिओ ही गाणी वाजवणारी प्रणाली कार्डावर चढवा, वाय-फायचं नाव आणि पासवर्ड तिथेच भरा, कार्ड पायमध्ये घालून दोन-तीन मिनिटं थांबा आणि ब्राउझरमधून त्याच्या पानावर जा. ऑडिओ सेटिंगमध्ये आउटपुट म्हणून यूएसबी डॅक निवडा, मग स्पॉटिफाय आणि एअरप्ले चालू करा. अशा प्रणालींतलं स्पॉटिफाय लिब्रेस्पॉट नावाच्या मुक्त प्रकल्पावर चालतं आणि ते 320 वरच थांबतं. प्लॅटिनमचे पैसे इथे वाया. दुसरी अडचण विजेची. चालू असताना वीज गेली की कार्डावरची फाइल व्यवस्था बिघडू शकते. दिवसातून दोनदा लाइट जाणाऱ्या गावात पायकोरप्लेअर ही दुसरी प्रणाली बरी. ती सुरू होताना सगळं रॅममध्ये उचलते आणि कार्डावर क्वचितच लिहिते.

जुन्या बाजारात क्रोमकास्ट ऑडिओ या गूगलच्या डब्या अजून दिसतात. ऑप्टिकलने 24/96 पर्यंत जायच्या, छान होत्या. गूगलने 2019 मध्ये त्या थांबवल्या. मार्च 2025 मध्ये एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरच्या या डब्या काही दिवस मुक्या झाल्या, मग अपडेट आला. पाचशे-हजारात मिळाली तर घ्यावी, त्यावर संसार उभारू नये. लॉजिटेकच्या स्क्वीझबॉक्स या जुन्या स्ट्रीमरचं नशीब चांगलं. कंपनीचा ऑनलाइन सर्व्हर 2024 मध्ये बंद झाला, पण घरच्या सर्व्हरचं सॉफ्टवेअर मुक्त असल्याने ते लिरिअन म्युझिक सर्व्हर या नव्या नावाने चालू आहे आणि जुनी यंत्रं त्यावर वाजतात.

जोडणीत चुका ठरलेल्या आहेत. स्ट्रीमरची आरसीए तार ॲम्पच्या 'फोनो' भोकात घालू नका; तिथे रेकॉर्डसाठीची दुरुस्ती लागू होते, खर्ज ढबढबतो आणि आवाज फाटतो. 'ऑक्स', 'सीडी', 'ट्यूनर' किंवा 'टेप'चं इनपुट चालेल. सोनोडाइन, कॉस्मिक असल्या जुन्या देशी ॲम्पला पाच पिनांचं डिन भोक असेल तर डिन ते आरसीए तार लागते. इनपुटसाठी 3 नंबरची पिन डावा, 5 उजवा, 2 ग्राउंड. 1 आणि 4 रेकॉर्डिंगच्या. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला तार घेताना 'प्लेबॅकची' असं सांगून घ्या, नाहीतर उलट बाजूची हातात पडते. या ॲम्पचं इनपुट दीड-दोनशे मिलिव्होल्टवर पूर्ण जोर देणारं, आणि स्ट्रीमर पाठवतो 2 व्होल्ट. मग नॉब जरा हलवला की घर दणाणतं. डबीच्या ॲपमध्ये लाइन-आउटची पातळी कमी करायची सोय असेल तर ती वापरा.

ऑप्टिकल तारेच्या टोकांवर पारदर्शक टोप्या असतात, त्या काढायच्या असतात. त्या न काढल्यामुळे 'आवाजच येत नाही' अशा तक्रारी दर दिवाळीला येतात. तार काटकोनात दुमडू नका. ऑप्टिकलवर 24/96 पर्यंत निर्धास्त, 192 ला तार आणि डॅक दोन्ही चांगले लागतात. तिथे कोॲक्शियल बरं. ॲम्पमधून घूंऽऽ असा आवाज येत असेल तर केबल टीव्हीची तार किंवा संगणक काढून बघा. तो थांबला तर अर्थिंगचं वेटोळं आहे, आणि ऑप्टिकलमधून विजेचा मार्ग नसल्याने ती लावली की बहुतेक वेळा सुटतं.

'डबी सापडत नाही' ही तक्रार मात्र डबीची नसते, राउटरची असते. फायबर बसवणारा माणूस त्याचा वाय-फायवाला डबा लावून जातो, आपण त्यापुढे स्वतःचा राउटर जोडतो. आता घरात दोन वेगळी जाळी झाली. फोन एकावर, स्ट्रीमर दुसऱ्यावर, दोघांनाही इंटरनेट मिळतं पण एकमेकांना दिसत नाहीत. उपाय: आपला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, आणि फायबरच्या डब्याचं वाय-फाय बंद करा. 'गेस्ट' नेटवर्कवर डबी ठेवू नका, तिथे यंत्रांना एकमेकांशी बोलायची मनाई असते. आयफोनवर डबीच्या ॲपला 'लोकल नेटवर्क'ची परवानगी द्या. अँड्रॉइडवर पहिल्या जोडणीला ब्लूटूथ आणि लोकेशन चालू ठेवा.

वेग कमी पडतो हा समज चुकीचा आहे. 320 केबीपीएसला तासाला साधारण 144 एमबी लागतात, सीडी दर्जाच्या फ्लॅकला 400 एमबीच्या आसपास. 40 एमबीपीएसच्या लाइनवर हे काहीच नाही. अडखळतं ते सिमेंटच्या दोन भिंतींपलीकडे 5 गिगाहर्ट्झ पोचत नाही म्हणून. डबीला 2.4 वर टाका, किंवा सरळ लॅनची तार ओढा. वीज आली की डबी अर्ध्या मिनिटात जागी होते, राउटरला दोन-तीन मिनिटं लागतात. मग डबी नेटवर्क शोधून थकते आणि रुसून बसते. राउटरला छोटा 12 व्होल्टचा यूपीएस लावला की हा प्रकार बंद होतो.

सेटिंगमध्ये तीन गोष्टी. स्पॉटिफायमध्ये वाय-फायचा दर्जा हाताने वर न्यावा लागतो. लॉसलेस तर प्रत्येक फोनवर वेगळं चालू करायचं असतं. ॲपल म्युझिकमध्ये लॉसलेस चालू आणि डॉल्बी ॲटमॉस (अनेक स्पीकरसाठीचं मिश्रण) बंद, कारण दोन स्पीकरवर त्याचं मिश्रण पोकळ लागतं. तिसरं, गाण्यांमधली फट. ख्यालाच्या मैफिलीत विलंबितातून द्रुतात जाताना ट्रॅक बदलतो पण तंबोरा चालूच असतो. तिथे अर्ध्या सेकंदाची शांतता आली तर रसभंग ठरलेला. कास्टने हे बऱ्याच ॲपमध्ये होतं, कनेक्टने सहसा नाही. क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) शून्यावर ठेवा.

आणि हाय-रेझपेक्षा जास्त फरक पाडणारी गोष्ट वीमसारख्या डब्यांत फुकट येते: पॅरामेट्रिक ईक्यू, म्हणजे ठरावीक सुराचा आवाज कमी-जास्त करायची सोय. 10 बाय 12 फुटांच्या खोलीत लांबीच्या दिशेला साधारण 47 हर्ट्झला आणि रुंदीच्या दिशेला 56 हर्ट्झला खर्ज फुगतो. डग्ग्याचा प्रत्येक घुमारा एकाच सुरात लोंबकळत राहतो तो यामुळे. 47 ला क्यू (पट्टा किती अरुंद ते) 4-5 ठेवून 4 डेसिबल कमी करा, ऐका, मग 56 ला. वाढवू नका, फक्त कमी करा. स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे आणले तर एवढंही लागत नाही, पण आपल्या घरांत तो फूट मिळत नाही.

यादीतल्या ज्या ध्वनिमुद्रिका कुठल्याच सेवेवर मिळाल्या नाहीत, त्यांच्या सीडी रद्दीत घालू नका. कंपनी आणि सेवेचा करार संपला की आज असलेलीही उद्या गायब होतात. एक सीडी फ्लॅकमध्ये 300-350 एमबी घेते. चारशे सीडी 128 जीबीच्या पेनड्राइव्हच्या थोड्या पुढे जातात, तेव्हा 256 चा घ्या आणि दुसरी प्रत वेगळी ठेवा. राउटरला यूएसबी आणि डीएलएनए (घरच्या जाळ्यावर गाणी वाटायची सोय) असेल तर तो तिथेच लावा, नाहीतर पायवर लिरिअन. कॉपी करतानाच गाण्याच्या नावात राग, ताल आणि साथीदार भरा. इंटरनेटवरून आपोआप येणारी माहिती हिंदुस्तानी संगीताच्या बाबतीत 'ट्रॅक 01'च्या पुढे फारशी जात नाही.